आठ आठवडे

“अजून वेळ आहे हो,” शालन म्हणाली. “आज करून काही दिसायचं नाही.”

“पाकिटावर पाच मिनिटं लिहिलंय,” मी म्हणालो. “माझी गाडी साडेनऊची आहे.”

“पाच मिनिटं पट्टीची. माझी तारीख अजून यायचीय.”

“एकदा बघायला काय जातंय?”

दिवस गेलेत का ते बघायची ती पट्टी मीच आणली होती. गावाकडं येताना मिरजेला स्टँडसमोरच्या दुकानात घेतली होती, कारण तिथं मला कुणी ओळखत नव्हतं. अकरा दिवस ती माझ्या बॅगेत कपड्यांच्या खाली होती. लग्नाला सहा वर्षं झाली होती, मूल नव्हतं. मी कर्जतजवळ अंडी उबवायच्या एका हॅचरीत कामाला होतो आणि दोन-दोन महिने घरी येत नव्हतो. आता परत गेलो की पुढचा मुक्काम कधी ते माहीत नव्हतं. जाण्याआधी काय ते कळावं, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

शालन पट्टी घेऊन मोरीत गेली. बाहेर आली आणि पट्टी खिडकीत ठेवून चपात्या लाटायला बसली. मी घड्याळ लावून उभा राहिलो. पाच मिनिटं झाली, सात झाली. एकच रेघ होती.

“आली नाही दुसरी,” मी म्हणालो.

“म्हटलं होतं ना. आठ-दहा दिवसांनी पुन्हा बघते.”

“एकदा बघितलं ते बघितलं.”

तिनं माझ्याकडं बघितलं नाही. डबा भरून दिला. मी पट्टी कागदात गुंडाळून स्टँडवरच्या कचऱ्यात टाकली आणि गाडीत बसलो. तारीख सोळा एप्रिल. मी आलो होतो पाच तारखेला.

हॅचरीचं काम बाहेरच्याला पटकन कळत नाही. आत जाताना अंघोळ करायची, कंपनीचे कपडे घालायचे, बाहेरचं काही आत न्यायचं नाही. कामगाराच्या घरी कोंबडी पाळायला बंदी, कारण रोग कपड्यांवरून येतो. मला नोकरी लागली तेव्हा आईला घरातल्या सात कोंबड्या विकाव्या लागल्या होत्या आणि त्याबद्दल ती मला अजून बोलायची. आत गेल्यावर सगळं काम तारखेवर. अंड्यांचा ट्रे मशीनमध्ये गेला की त्याला कार्ड लागतं आणि कार्डावर तारीख पडते. त्या दिवसापासून एकवीस दिवस. अठराव्या दिवशी अंधाऱ्या खोलीत अंड्याखाली दिवा धरून बघायचं, भरलेलं कुठलं आणि रिकामं कुठलं. तारीख चुकली की पिल्लं गेली. नऊ वर्षं मी तेच करत होतो. कुठलीही गोष्ट कधी सुरू झाली ते कार्डावर असतंच, असं मला वाटायचं.

दहा मेला शालनचा फोन आला. दुपारची सुट्टी होती.

“जेवला का?”

“जेवलो. काय गं?”

“काही नाही.” मग हळूच म्हणाली, “दोन आल्या.”

“काय दोन?”

“रेघा. काल पण बघितलं, आज पण बघितलं. दोन्ही वेळेला दोन.”

मी बाहेर जाऊन झाडाखाली उभा राहिलो. काय बोललो ते आठवत नाही. जड काही उचलू नको म्हणालो एवढं आठवतंय. बरोबरच्या माणसांना चहा पाजला. कशाबद्दल ते सांगितलं नाही, पण त्यांनी ओळखलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ट्रेला कार्डं लावत होतो. तारीख टाकायची, कार्ड अडकवायचं, पुढचा ट्रे. आणि टाकता टाकता हात थांबला. सोळा एप्रिलला पट्टी कोरी होती. सोळा एप्रिलनंतर मी घरी गेलोच नव्हतो.

मी काम पुरं केलं. संध्याकाळी फोन लावला.

“पट्ट्या कुठून आणल्यास?”

“मागवल्या.”

“कुणाकडून?”

“तुम्ही आल्यावर सांगते की. आई इथंच आहेत.”

“आई आहे म्हणून काय झालं?”

“अहो, फोनवर कशाला? आल्यावर सांगते.”

ती हसत बोलत होती. मला त्या हसण्याचाही संशय आला. त्यानंतर मी रोज फोन करायचो आणि रोज काहीतरी आडून विचारायचो. दुपारी कुठं होतीस. फोन उचलायला वेळ का लागला. घरात कुणी आलं होतं का. ती सरळ उत्तरं द्यायची. सरळ उत्तर आलं की वाटायचं, आधीच ठरवून ठेवलंय.

वीस मेला मला चार दिवसांची सुट्टी मिळाली. घरी पोचलो तेव्हा शालन पाण्याला गेली होती. आई दारात शेंगा फोडत होती.

“वाळलास,” आई म्हणाली. “तिथं जेवाय देत न्हाईत व्हय?”

“देतात. घरी कोण येतंय-जातंय का गं अधूनमधून?”

“कोण येणार? भाऊकी येती. दिनकर येतोय.”

“कुठला दिनकर?”

“शेट्याचा की. तालुक्याला औषधाच्या दुकानात असतोय तो. जाताजाता शालनला पुडी देऊन जातोय.”

“कसली पुडी?”

“मला काय ठावं? मला आधी वाटलं माझ्या बीपीच्या गोळ्या हायत. पर माझ्या गोळ्या तर तू आणतोस.”

“कधीपासून देतोय?”

आईनं शेंग दातात धरून विचार केला. “झाली की दोन-तीन वर्सं. म्हैन्याचं ठरल्यागत. काय झालं?”

“काही नाही,” मी म्हणालो.

दिनकर शेटे माझ्यापेक्षा सहा-सात वर्षांनी लहान. आमच्या घरापासून तिसरं घर. शालनला वहिनी म्हणायचा. लग्नात माझ्या वरातीपुढं नाचला होता. मी त्याचं नाचणं आठवायला लागलो, आणि तो कुणाकडं बघत नाचत होता ते आठवायला लागलो. अशी माझी गत झाली होती.

शालन आली. घागर उतरून घ्यायला मी पुढं झालो नाही. तिनं स्वतःच उतरवली, माझ्याकडं बघून हसली, आणि मग तिचं हसू कमी झालं.

दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंकडं गेलो. सोनोग्राफीच्या खोलीत फक्त बाईमाणसाला घेत होते. मी बाहेर बाकावर. अर्ध्या तासानं शालन बाहेर आली. तोंड पदरानं पुसत होती, पण ते घाम पुसणं नव्हतं.

“सगळं बरोबर आहे म्हणाल्या,” ती म्हणाली. “आठ आठवडे झालेत.”

“किती?”

“आठ. कागदावर लिहिलंय बघा.”

कागदावर लिहिलं होतं. आठ आठवडे. एसटीत ती खिडकीशी बसली आणि बोलतच राहिली. “काळं काळं दिसतं हो सगळं. मला काहीच कळेना. मग बाईंनी बोट ठेवून दाखवलं. एवढंसं. मध्ये काहीतरी उडत होतं, बारीक, लुकलुक. म्हणाल्या ते काळीज.” ती थांबली. “ऐकताय ना?”

“ऐकतोय.”

मी ऐकत नव्हतो. मी पेरांवर आठवडे मोजत होतो. एकवीस मेपासून मागं. चौदा, सात, तीस एप्रिल, तेवीस, सोळा, नऊ, दोन. आठवं पेर सव्वीस मार्चवर येत होतं. मी घरी आलो पाच एप्रिलला. तीन वेळा मोजलं. नऊ वर्षं हेच काम केलं होतं, मोजण्यात माझी चूक व्हायची नाही.

घरी आलो. जेवणं झाली. आई भाऊकीत कुणाच्या तरी कुरडया घालायला गेली. शालन सोप्यात चिंच फोडत बसली. मी भिंतीवरचं कॅलेंडर काढलं आणि तिच्यासमोर ठेवलं.

“हे बघ.”

“काय बघू?”

“आठ आठवडे म्हणजे सव्वीस मार्च.” मी बोट ठेवलं. “मी आलो हितं. पाच एप्रिल.”

ती कॅलेंडरकडं बघत राहिली. तिला अजून कळलं नव्हतं, किंवा कळलं होतं आणि खरं वाटत नव्हतं.

“आणि सोळाला पट्टी कोरी होती,” मी म्हणालो. “तुझ्यासमोर बघितली आपण.”

तिनं हातातला दगड खाली ठेवला. चिंचेचे हात तसेच मांडीवर उपडे ठेवले.

“म्हणजे कागदाच्या हिशोबानं तुम्ही यायच्या आधी झालं,” ती म्हणाली. “आणि पट्टीच्या हिशोबानं तुम्ही गेल्यावर. तुम्ही होता ते अकरा दिवस तेवढे मी चांगली होते.”

खरं म्हणजे दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असू शकत नाहीत हे तोपर्यंत माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. पण माणूस रागात असला की थांबत नाही.

“दिनकर कशाला येतो?”

“पट्टी द्यायला.”

“तीन वर्षं?”

“तीन वर्षं. दर महिन्याला एक.” ती आवाज न चढवता बोलत होती. “तालुक्याला दुकानात मी जाऊन मागू? दहा माणसं उभी असतात. आपल्या गावची चार असतात त्यात. त्याच्या बायकोनं त्याला सांगितलं, वहिनीला देत जा म्हणून. ती घरात असली तर तीच आणून द्यायची.”

“मला का नाही सांगितलंस?”

“काय सांगायचं? फोन करायचा दर महिन्याला, की अहो, एकच आली?”

चिंचेवर माश्या बसायला लागल्या. तिनं त्या हाकलल्या नाहीत.

“मग हे आठ आठवडे कसे?”

“ते मला काय माहीत? मी काय डॉक्टर आहे? सव्वीस मार्चला माझी पाळी आली होती. पाडवा जवळ आला होता आणि आई म्हणाल्या, आता देवाचं सगळं मलाच करावं लागतंय. त्यांना विचारा हवं तर. पुढं डॉक्टर काय मोजतात, कसं मोजतात, मला ठाऊक नाही.” मग ती माझ्याकडं बघून म्हणाली, “मला एवढं ठाऊक आहे की ते तुमचं आहे. मी सांगितलं. आता तुम्ही बोला.”

ती वाट बघत होती, हे मला दिसत होतं. एका वाक्याचं काम होतं. बरं, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं.

शेवटी तिनं दगड उचलला आणि पुन्हा चिंच फोडायला लागली.

“उद्या गुरुवार,” ती म्हणाली. “उपकेंद्रात मोमीन सिस्टर येते. तिला विचारून या. नाहीतर नका विचारू. तुमचं तुम्ही ठरवा.”

सकाळी तिनं चहा दिला. मी चप्पल घातली तेव्हा ती दारातच उभी होती, कुठं निघालो ते तिनं विचारलं नाही.

उपकेंद्रात गुरुवारी लसीकरण असायचं. आठ-दहा बायका पोरं घेऊन बसल्या होत्या. मी एकटाच पुरुष. मोमीन सिस्टर म्हणजे जाड भिंगाचा चष्मा आणि मोठा आवाज. पाच गावांतली निम्मी पोरं त्यांच्या हातावर जन्मलेली.

“काय निवासराव,” त्या लांबूनच म्हणाल्या, “तुम्हाला कसली लस टोचू?”

बायका हसल्या. मी सगळ्या जाईपर्यंत बाहेर लिंबाखाली बसून राहिलो. मग आत गेलो.

“एक विचारायचं होतं. माझ्या एका मित्राचं आहे.”

“बरं.”

“त्याच्या बायकोला आठ आठवडे झालेत असं कागदावर आलं. पण तो घरी येऊन साडेसहाच आठवडे झालेत.”

सिस्टरनी चष्मा काढला. “मित्र कोंबड्यांच्यात कामाला आहे का?”

मी खाली बघितलं.

“बसा,” त्या म्हणाल्या. “आम्ही पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतो. गर्भ कधी राहिला ते आम्हाला काय ठाऊक, बाईलाही ठाऊक नसतं. पाळीची तारीख तेवढी तिला आठवते. म्हणून तिथून धरायचं. पहिले दोन आठवडे पोटात काहीही नसतं, तरी ते आम्ही मोजलेले असतात. सगळ्या जगात असंच मोजतात. मित्राच्या बायकोची पाळी कधी आली होती?”

“सव्वीस मार्च.”

“मग आठ आठवडे बरोबर. आणि त्यातले दोन सोडले की मित्र कुठं होता?”

मी मनात मोजलं. नऊ एप्रिल. मला घरी येऊन चार दिवस झाले होते.

“पण सोळाला पट्टी कोरी आली होती,” मी म्हणालो.

“पाळीची तारीख व्हायच्या आधी आठवडाभर? कुणी सांगितलं होतं तेव्हा करायला?”

“मित्रानं.”

“बाईनं नको म्हटलं असंल.”

“म्हटलं होतं.”

“पाळी चुकायला हवी. चुकल्यावर करायची. आधी केली तर कोरीच दिसते, असलं तरी कोरी दिसते. तुम्ही मशीनमध्ये ठेवलेल्या अंड्याला तिसऱ्या दिवशी दिवा लावून बघता का?”

“नाही.”

“का?”

“काही कळत नाही. भरलेलं पण रिकाम्यासारखंच दिसतं.”

“अंड्याला तेवढी सवड देता,” सिस्टर म्हणाल्या आणि चष्मा लावून रजिस्टर उघडलं. “जावा. मी शालनला काही बोलणार नाही. मित्राचं आहे ना.”

मी उपकेंद्रातून निघालो तो जवळजवळ पळतच. अंगावरचं मोठं ओझं उतरलं होतं. फाट्यावर जाऊन अर्धा किलो पेढे घेतले. वाटेत दिनकर मोटरसायकलवरून येताना दिसला. थांबला, “दादा, कधी आला?” म्हणाला. मी त्याला पेढा दिला. त्यानं कशाबद्दल ते विचारलं नाही, नुसता हसला. त्याला आधीच माहीत होतं. मला त्याचा राग आला नाही. मी फार खुशीत होतो.

शालन अंगणात वाळवणाचं कापड झटकत होती. मी पेढ्याचा पुडा पुढं केला.

“बरोबर आहे तुझं,” मी म्हणालो.

तिनं कापडाची घडी घातली. एक, दोन, तीन. मग पुडा घेतला.

“माझं कुठं?” ती म्हणाली. “सिस्टरचं बरोबर आहे.”

तिनं एक पेढा देवापुढं ठेवला, आईला दोन दिले, मला एक दिला. स्वतः घेतला नाही. मळमळतंय म्हणाली.

डिसेंबरच्या शेवटी मुलगी झाली. सिस्टरनी सांगितलेल्या तारखेच्या एक दिवस आधी. नाव मधुरा ठेवलं. मी हॅचरी सोडली आणि गावाजवळच्या दूधसंघात लागलो. रोज संध्याकाळी घरी यायला लागलो. आई पुन्हा कोंबड्या पाळायला लागली. आमचं भांडण असं कधी झालं नाही. शालननं तो विषय कधी काढला नाही, मला टोमणा मारला नाही, दिनकरच्या बायकोकडं जाणंयेणं तसंच ठेवलं. चारचौघांत आमचा संसार चांगला म्हणायचे आणि तो चांगला होताच. फक्त काही गोष्टी मला नंतर कळायच्या. मधुराला ताप असला तर तो किती आहे ते मोजून झाल्यावर. शालनचे दागिने मोडायचे होते तेव्हा सोनाराची पावती आल्यावर. मला वाटायचं, तिचा स्वभावच तसा आहे, पक्कं झाल्याशिवाय बोलत नाही.

दोन वर्षांपूर्वी दिवाळी झाली आणि एका दुपारी ती मिरजेहून परत आली. मला वाटलं होतं बाजाराला गेली असंल. पिशवीतून तिनं मोठं पाकीट काढून माझ्या हातात दिलं.

“हे बघा.”

मी वाचलं. इंग्रजी होतं, पण तो एक शब्द कुणालाही वाचता येतो.

“कधीपासून?”

“श्रावणात गाठ लागली हाताला. बारीक होती.”

“श्रावणात? तीन महिने झाले. मला सांगायचं नाही?”

“नुसतं माझ्या सांगण्यावर कसं सांगायचं?” ती म्हणाली. “तपासून यायला पाहिजे ना.”

रागानं नव्हे. चहा ठेवू का विचारावं तशी म्हणाली. आणि आत जाऊन खरोखरच चहा ठेवला.

त्या आठवड्यात मी तिला मिरजेच्या मोठ्या डॉक्टरांकडं घेऊन गेलो. त्यांनी सगळं बघितलं, पाकीट बाजूला ठेवलं आणि माझ्याकडं बघून म्हणाले, “एवढे दिवस का थांबलात? घरात कुणाला माहीत नव्हतं का?”

मी तोंड उघडलं. शालननं माझ्या आधीच उत्तर दिलं.

“सुगीचे दिवस होते डॉक्टर,” ती म्हणाली. “शेतात माणूस मिळत नाही. ह्यांना कुठं त्रास द्यायचा.”

डॉक्टरांनी मान हलवली आणि लिहायला लागले. आमचं शेत चार वर्षं दुसऱ्याला वाट्यानं दिलेलं होतं.